सांभाळून आण

रविवार, ९ जानेवारी

मॉसी मला घोडा ठेवून गेला.

जमीन चुलतभावाला, कुत्रा शेजाऱ्यांना, आणि 'माझी बहीण डिंफ्ना हिला, जिच्यावरून तिने मला आयुष्यभर बोलणी ऐकवली ती गोष्ट', म्हणजे सहा वर्षांचा तांबडा घोडा. नाव पॅरिश नोटीस. वकील वाचताना हसू दाबत होता. मी हसले नाही. भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि मेल्यावरही त्याने शेवटचा शब्द आपलाच ठेवला.

मी एक्केचाळीस वर्षे मुलींना गणित शिकवले. घोड्याला हातसुद्धा लावलेला नाही. विकून टाकायचे ठरवले होते, पण दुपारी कॉन लेसी आला. कॉन म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचा ट्रेनर. मॉसीचे घोडे कायम त्याच्याच तबेल्यात असत.

"विकू नका, बाई," तो म्हणाला. "वसंतापर्यंत तरी नको."

"वसंतात काय आहे?"

"मॉसीच्या मनात होतं, एवढंच."

मेलेल्या माणसाच्या मनात होते म्हटल्यावर जिवंत माणसाचे काही चालत नाही. हो म्हटले. जॉकी नेहमीचाच, जार्लाथ टुही. डर्व्हला कियोचा नवरा. डर्व्हला माझ्या वर्गात होती, बीजगणितात सगळ्यांच्या पुढे. इंजिनिअर व्हायची. तिने लग्न केले ते गळ्याजवळचे हाड पाच वेळा मोडलेल्या माणसाशी.

बहात्तराव्या वर्षी हा उद्योग. कॉन्व्हेंटमधल्या एखाद्या सिस्टरने ऐकले असते तर माझ्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना-प्रार्थना सुरू केली असती.

गुरुवार, २७ जानेवारी

पहिली शर्यत. थंडी, चिखल, आणि कागदी पेल्यात चहा म्हणून दिलेले काहीतरी.

शर्यतीआधी पॅडकमध्ये मालकाने हिरवळीवर उभे राहायचे असते. घोडे भोवती फिरतात. हातांचे काय करायचे ते कोणी सांगत नाही. मग जॉकी येतो, टोपीला बोट लावतो. जार्लाथ छत्तीस वर्षांचा आहे, चेहरा पन्नाशीचा. म्हणाला, "बाई, काय सांगायचंय?"

मालकाने काही सांगायचे असते हे मला ठाऊक नव्हते. मला डर्व्हला आठवली आणि तिची दोन लहान मुले. अडथळ्यांवरून घोडा उडवणे हा काही शहाण्या माणसाचा धंदा नव्हे. मॉसी लहानपणी गाडीवरून डेअरीला दूध घेऊन निघाला की आई दारातून म्हणायची तेच माझ्या तोंडून आले.

"सांभाळून आण त्याला, जार्लाथ. घाई करू नकोस."

त्याने माझ्याकडे बघितले. मग कॉनकडे बघितले. कॉन घोड्याच्या पोटाचा पट्टा आवळत होता.

"समजलं, बाई," जार्लाथ म्हणाला.

चौदा घोड्यांत सातवा. दोघेही धड परत आले, मला तेवढेच हवे होते. नंतर कॉन म्हणाला, "मॉसीसुद्धा अगदी हेच म्हणायचा. शब्दन् शब्द." माझ्या डोळ्यांत पाणी आले. आईचे बोलणे त्याने इतकी वर्षे जपले होते आणि मला कधी सांगितले नाही.

आमचा खाटीक पॅक्स व्हेलन फाटकाशी भेटला. टोपी काढून म्हणाला, "रक्त बोलतं, बाई." सांत्वनच असावे. पॅक्सकडून तेवढीसुद्धा अपेक्षा नव्हती.

शनिवार, २९ जानेवारी

पॅक्सने मांसाच्या पुडीत दोन चॉप जास्त घातले आणि पैसे घेतले नाहीत. काउंटरवरून वाकून हळूच म्हणाला, "कधी, तेवढं फक्त सांगा."

मी म्हटले, "नेहमीसारखंच, रविवारी जेवायला."

तो इतका हसला की त्याला सुरी खाली ठेवावी लागली. "मॉसीपेक्षा तुम्ही वस्ताद आहात," म्हणाला. चॉप मात्र चांगले होते.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

दुसरी शर्यत. पॅडकमध्ये आईचेच वाक्य. मला आता ते म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, जपमाळ हातात घेतल्यासारखे वाटते. जार्लाथ म्हणाला, "समजलं."

नववा.

कठड्याशी माझ्यामागे एक अनोळखी म्हातारा होता. त्याने हातातले तिकीट फाडले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "त्याचे हात बघितलेस? वेदीवर मेणबत्ती लावायला निघालाय जसा." शेजारी म्हणाला, "टुहीला काय बोलतोस, टुही सांगकाम्या."

मी जार्लाथला विचारले, घोडा मागे का पडला. त्याने नजर वळवली. "आज सूर नव्हता, बाई."

एक्केचाळीस वर्षांत ही नजर मी किती वेळा पाहिली असेल. गृहपाठ घरी राहिला, बाई.

बुधवार, २ मार्च

फादर न्यूजंटना चहाला बोलावले. निवृत्त धर्मगुरू, पण शर्यतींच्या बाबतीत अजून पूर्ण नोकरीत आहेत. केक कापायच्या आतच मी विचारले, "फादर, माझा घोडा का जिंकत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले जणू मी त्यांची परीक्षा घेत होते.

"कारण तो अजून सुटलेला नाही, डिंफ्ना."

"सुटलेला म्हणजे?"

"अहो, तुम्हीच मला विचारताय?" मग माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावले. घोडा चांगला पळाला की पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर वजन जास्त टाकतात, शिसे, खोगिराखाली. वाईट पळाला की वजन उतरते. म्हणून काही लोक घोड्याला दोन-तीनदा नुसते फिरवून आणतात. जॉकी लगाम खेचून बसतो, पण असा की कोणाला कळू नये. वजन पुरेसे उतरले की एक दिवस ठरवतात आणि त्या दिवशी घोडा सोडतात. त्या दिवसाची वाट सगळा गाव बघत असतो. "म्हणून तर इथे कोणी घोडा कसा आहे ते विचारत नाही. 'आज सुटलाय का' एवढंच विचारतात."

"ही चोरी झाली."

"चोरी म्हणू नका. सबुरी म्हणा."

"दहा आज्ञांत सबुरीची आज्ञा कितवी, फादर?"

ते केक खात राहिले. जाताना दारात म्हणाले, "तुमचं ठरलं की मला आधी सांगाल ना?"

सांगेन म्हटले. काय करायचे ते खरोखर अजून ठरले नव्हते, पण त्यांना माझ्या रागाचा अंदाज आलेला दिसला. आता नीट आठवते आहे. ती वळवलेली नजर, तो अनोळखी म्हातारा. माझा घोडा, माझ्या भावाचा घोडा, आणि तो जार्लाथ त्याच्यावर बसून सगळ्या जगाला फसवतो, मला धरून. कोणासाठी? कोणीतरी त्याचा खिसा भरत असणार. आणि मी त्याची हाडे सांभाळायला सांगते आहे.

गुरुवार, १० मार्च

काल राखेचा बुधवार झाला. ईस्टरपर्यंतच्या उपासात साखर सोडली आहे, त्यामुळे आज कडू आहे ते फक्त चहामुळे नव्हे.

मॉसीची दुर्बीण घेऊन गेले. पॅडकमध्ये मुद्दाम जार्लाथच्या डोळ्यांत डोळे घातले आणि एकेक शब्द तोडून म्हणाले, "सांभाळून आण त्याला, जार्लाथ. घाई करू नकोस." माझे लक्ष आहे हे त्याला कळावे म्हणून. परीक्षेच्या हॉलमध्ये मी कॉपी करणाऱ्या मुलीच्या बाकाशी जाऊन नुसती उभी राहायचे, तसे.

तो दचकला. कळले होते त्याला. "समजलं, बाई," म्हणाला, नेहमीपेक्षा हळू.

शेवटून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत दुर्बीण हलवली नाही. घोड्याचे कान पुढे होते, तो मान ताणून जायला बघत होता, आंधळ्यालाही दिसले असते. आणि जार्लाथ चर्चमधल्या बाकावर बसल्यासारखा ताठ, दोन्ही मुठी पोटाशी. पुढचे पाच जण चाबूक मारत होते. याने घोड्याच्या मानेवर थोपटले. चक्क थोपटले.

आठवा.

कॉन म्हणाला, "झकास. आता झालं, बाई. आता पुढच्या वेळी." मी दुर्बीण पेटीत घातली आणि फाटकाकडे निघाले.

शुक्रवार, ११ मार्च

स्टुअर्डांना, म्हणजे शर्यतींच्या पंचांना, पत्र लिहिले. एक पान, खाडाखोड नाही. 'मी सदर घोड्याची मालकीण असून माझ्याच घोड्याविषयी तक्रार करीत आहे, यावरून माझा हेतू ध्यानात यावा.' हे वाक्य चांगले जमले. पेटीत स्वतः टाकले.

गुरुवार, २४ मार्च

चौकशी झाली.

हिरवे बनात घातलेले लांब टेबल, तीन सद्गृहस्थ. तिन्ही शर्यतींची फिल्म पुन्हा पुन्हा दाखवली. मला फक्त सही माझीच का एवढे विचारले आणि मागे बसवले.

एकाने जार्लाथला विचारले, "तुला सूचना काय होत्या?"

"सांभाळून आणायला."

"कोणाच्या?"

जार्लाथने हातातल्या टोपीकडे बघितले. मग एकदा माझ्याकडे बघितले. म्हणाला, "कोणाच्या नाही, साहेब. माझं मी ठरवलं."

कॉनला विचारले, पॅडकमध्ये काय बोलणे झाले. "मी पट्टा आवळत होतो," कॉन म्हणाला. "ऐकलं नाही काही."

जार्लाथला साठ दिवस बंदी. घोड्याला बेचाळीस. कॉनला तोंडी समज.

त्याने माझ्याकडे पाहिले ते का, याचा परतताना विचार करत होते. लाज, दुसरे काय. निदान कबूल तरी केले, एवढे श्रेय देते. आज कितीतरी दिवसांनी स्वच्छ वाटले.

रविवार, २७ मार्च

चर्चमध्ये मिस्साला जाताना वाटले होते लोक तोंड फिरवतील. कोणी फिरवले नाही. उलट पुरुष मंडळी वाट करून देत होती, बिशपला देतात तशी. हे मला समजले नाही.

पॅक्स मात्र बाहेर पायरीवर म्हणाला, "डोकं मानलं, बाई. पण एवढ्या थराला जायला हवं होतं का? बिचाऱ्याचा ईस्टर गेला."

"ईस्टर कसा गेला?"

तेव्हा कळले. ईस्टरच्या सोमवारच्या मोठ्या शर्यतीत जार्लाथला घोडा मिळाला होता, मोठ्या तबेल्याचा, चांगला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. इतकी वर्षे चिखलातल्या गुरुवारच्या शर्यतींत काढल्यावर कोणीतरी त्याला बोलावले होते. बंदी मेच्या अखेरीपर्यंत आहे.

"हे त्याने लगाम खेचताना आठवायचं होतं," मी म्हणाले.

पॅक्सने भुवया वर केल्या. "अरे बापरे," एवढेच म्हणाला, आणि टोपी काढली.

शुक्रवार, १ एप्रिल

डर्व्हला आली. कोट काढला नाही, बसली नाही. स्वयंपाकघरात टेबलाला हात टेकून उभी राहिली, फळ्यासमोर उभी राहायची तशीच.

"बाई, एक विचारू? जार्लाथनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"माझं नाही, डर्व्हला. त्याने लबाडी केली. तीन वेळा."

"तुम्ही सांगितलंत म्हणून केली."

मी म्हटले शुद्धीवर ये.

"सांभाळून आण. घाई करू नकोस," ती म्हणाली. माझाच आवाज काढून. वर्गातही ती माझी नक्कल करायची, मला ठाऊक होते. "तीन वेळा म्हणालात. तिसऱ्यांदा तर डोळे वटारून म्हणालात. घरी येऊन म्हणाला, म्हातारी मॉसीपेक्षा कडक आहे गं, एकेक शब्द घणासारखा घातला."

"पडू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. माझी आई म्हणायची."

"पॅडकमध्ये तो अर्थ नाही होत, बाई. पॅडकमध्ये 'सांभाळून आण' म्हणजे आज सोडू नकोस. अख्ख्या आयर्लंडमध्ये तुम्ही एकट्याच असाल ज्यांना हे ठाऊक नाही. मॉसी बारा वर्षं ह्याच शब्दांत सांगायचा."

मी खुर्चीवर बसले. ती बोलतच होती.

"त्यानं तुमचं नाव घेतलं नाही. मालकाचं नाव घेतलं की पुन्हा कोणी घोडा देत नाही. आणि मला म्हणाला, तुझ्या बाई आहेत, म्हाताऱ्या आहेत, त्यांना तिथं उभं करायचं का. मी म्हटलं, मूर्खा, पत्र त्यांनीच लिहिलंय. तर म्हणतो, असेल काहीतरी डाव, आपल्याला कळत नाही."

"कॉन तिथे होता. त्याने मला का नाही सांगितलं?"

"सांगायला त्याला काय झालंय? त्याच्या तबेल्यातल्या घोड्याचं वजन फुकट उतरत होतं."

मग तिने काम सांगितले. अपील केले आहे, तेराव्या तारखेला आहे. सूचना मालकाची होती असे सिद्ध झाले तर जॉकीची बंदी निम्मी होते. तीस दिवस. ईस्टरच्या आधी संपते. मोठ्या तबेल्याने तोपर्यंत घोडा राखून ठेवायचे कबूल केले आहे.

"तुम्ही ते म्हणालात एवढंच सांगायचं, बाई. खोटं काही नाही."

"म्हणाले ते म्हणाले असं सांगेन," मी म्हटले. "त्यात काय."

तिने तेव्हा चहा घेतला. अर्धाच.

शनिवार, २ एप्रिल

रात्र अशीच गेली. जार्लाथपेक्षा जास्त मॉसीचा राग येतो आहे. आईने दुधाची काळजी घ्यायला शिकवलेले वाक्य घेऊन त्याने बारा वर्षे लोकांना लुबाडले. आणि मी त्यावर डोळे पुसले.

पण तरीही. शब्दाचा जो अर्थ असतो तो असतो. मी शिकवताना कधी त्रिकोण म्हणून चौकोन दाखवला नाही. त्यांच्या चोरबाजारात एखाद्या शब्दाला काय भाव चढतो ते मला कसे ठाऊक असावे? त्याने विचारायला नको होते का? 'बाई, नक्की काय म्हणायचंय?' एवढे चार शब्द.

म्हणजे चूक माझी नाही. हे वाक्य मी सकाळपासून तिसऱ्यांदा मनात म्हणते आहे.

बुधवार, १३ एप्रिल

अपील.

एक निवृत्त न्यायाधीश मधोमध, एका बाजूला एक कर्नल, दुसऱ्या बाजूला एक प्राण्यांच्या डॉक्टर. न्यायाधीशांचा आवाज सुरेख होता. त्यांचे व्याकरणही शुद्ध होते. खूप दिवसांनी माझ्यासारख्या माणसाशी बोलायला मिळते आहे असे वाटले. देवा, हे लिहायलाही लाज वाटते.

"मिस हेफर्नन, आपण जॉकीला 'सांभाळून आण, घाई करू नकोस' असे म्हणालात?"

"हो. तिन्ही वेळा."

डर्व्हलाने डोळे मिटले आणि श्वास सोडला. जार्लाथ इस्त्रीच्या शर्टात बसला होता, त्याची कॉलर त्याला मोठी होत होती.

मला वाटले संपले. मी पर्ससुद्धा उचलली होती.

"एकच प्रश्न आणखी," न्यायाधीश म्हणाले. "असे म्हणताना, जॉकीने घोडा अडवून धरावा असा आपला आशय होता का?"

ह्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती.

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होते, ती पिंपिं वाजत होती. डर्व्हलाने डोळे उघडले होते. ती मान हलवत नव्हती, ओठ हलवत नव्हती, नुसती बघत होती. मला कळत होते, एक 'हो' पुरे. 'हो' म्हटले की मी लबाड मालकीण. वर्तमानपत्रात नाव, शाळेच्या माजी विद्यार्थिनींत कुजबुज, आणि जार्लाथ ईस्टरला घोड्यावर. आणि 'हो' म्हणजे शपथेवर खोटे.

"नाही," मी म्हणाले. "मुळीच नाही."

"आणि तक्रारीचे पत्र आपणच लिहिलेत. म्हणजे घोडा अडवला गेल्याचा आपल्याला संताप आला होता."

"अर्थातच."

"आभारी आहे. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल समिती ऋणी आहे."

मालकाची तशी सूचना नव्हती, जॉकीने स्वतः अर्थ लावला, बंदी कायम. दहा मिनिटेही लागली नाहीत.

बाहेर जार्लाथ कोट घालत होता. मी म्हटले, "मला खोटं बोलता आलं नाही."

"नाही, बाई. बरोबर आहे." तो रागावला नव्हता. "माझंच चुकलं. मी शब्द ऐकला. माणूस बघायला हवं होतं."

डर्व्हला त्याच्यामागून आली. "मी बघत होते, बाई," ती म्हणाली. "त्या प्रश्नाला किती वेळ थांबलात ते. जायचं होतं तुम्हाला पुढे. दिसत होतं. मुठी पोटाशी धरून बसलात."

शुक्रवार, १५ एप्रिल

मी खरे तेच सांगितले. पुन्हा विचारले तरी तेच सांगेन.

सोमवार, २५ एप्रिल, ईस्टर

टीव्हीवर मोठी शर्यत बघितली. जार्लाथचा घोडा कोणा दुसऱ्याने चालवला. चौथा आला. बोलणारा माणूस म्हणाला, शेवटच्या वळणावर जरा अनुभवी हात असता तर.

बंद केला. मटण भाजले होते, ते खाल्ले नाही.

मंगळवार, ३ मे

जार्लाथने लायसन परत दिले, असे फादर न्यूजंट म्हणाले. मोठ्या तबेल्याने दुसरा माणूस कायम केला, आणि बंदी भोगलेल्या छत्तीस वर्षांच्या जॉकीला बाकीचे तरी कशाला बोलावतील. तो आता कॉनची घोड्यांची लॉरी चालवतो.

कॉनकडून घोडा काढून घ्यायला गेले होते. कॉन म्हणाला, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी नाव नोंदवले आहे, एकदा पळू द्या, मग न्या. वजन किती आहे विचारले तर खुशीत म्हणाला, "पिसासारखं, बाई. पिसासारखं."

मी ठरवले आहे. ह्या वेळी असे बोलायचे की बहिऱ्यालाही दुसरा अर्थ लावता येऊ नये.

गुरुवार, १२ मे

सगळे लिहून काढते.

रेसकोर्सवर आमचे अर्धे गाव होते. पॅक्सने दुकान बंद ठेवले होते, दारावर 'कौटुंबिक कारणास्तव'. मला आश्चर्य वाटले, गुरुवारच्या फडतूस शर्यतीला एवढी माणसे कशाला.

नवा जॉकी किल्डेअरचा, तोंडावर मुरुम. टोपीला बोट लावून म्हणाला, "मॅडम, काय सांगायचंय?"

मी मोठ्याने, स्पष्ट, आजूबाजूच्या चार मालकांना ऐकू जाईल असे म्हणाले, "जिंकायचं. पहिल्या पावलापासून पूर्ण जोर लावून पळवायचं. ह्यात काही दुसरं समजायचं नाही."

पोराने कॉनकडे बघितले. कॉनने मान हलवली. कठड्यापाशी उभ्या एका माणसाने वळून दुसऱ्याच्या कानात काही सांगितले, आणि तो दुसरा धावत सुटला. खरेच धावला, पोट सांभाळत. दोन मिनिटांत बुकींच्या फळ्यांवर माझ्या घोड्याचा एकास वीसचा भाव पुसला, बारा लिहिला, तोही पुसला, सहा लिहिला. मला वाटले काही गडबड झाली आहे.

पॅरिश नोटीस नऊ घोड्यांच्या लांबीने जिंकला. शेवटच्या अडथळ्यानंतर एकटाच होता. सुंदर पळतो. हे मला माहीतच नव्हते, की तो इतका सुंदर पळतो.

मग ते सगळे माझ्यावर आले. पॅक्सने माझा हात दोन्ही हातांत धरला, त्याचे डोळे भरले होते. "बाई, मॉसीला जन्मात जमलं नसतं. स्वतःच तक्रार करायची! बेचाळीस दिवस घोडा बाहेर, वजन तळाला, आणि कोणाला संशय येणार, सांगा. गणित म्हणतात ते हे."

"मी काही ठरवलं नव्हतं, पॅक्स."

"नव्हतं, नव्हतं," पॅक्स म्हणाला, आणि भोवतीचे सगळे हसले. मी पुन्हा सांगितले. चढ्या आवाजात, जसे वर्गात सांगायचे. ते आणखी हसले. एक म्हातारी माझ्या कोटाच्या बाहीला हात लावून गेली, संतांच्या अवशेषांना लावतात तसा. फादर न्यूजंट नाराज होते. "मला आधी सांगणार होतात," म्हणाले.

काचेचा करंडक दिला. फोटो काढला. फोटोवाल्याने हसा म्हटले म्हणून मी हसले.

लॉऱ्यांच्या बाजूला गेले तेव्हा जार्लाथ घोड्याच्या अंगावर चादर घालत होता. मला त्याला सांगायचे होते. निदान त्याला तरी. इतक्या लोकांतून तो एकच होता ज्याला मी खरे काय ते सांगितले होते, शपथेवर.

त्याने चादरीची गाठ मारली, हात पँटला पुसले, आणि टोपी काढली.

"मी मनात आणलं नव्हतं, जार्लाथ," मी म्हणाले. "काहीच."

त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी. असायला हवा होता. तो नव्हता. मॉसीकडे, मोठ्या तबेल्यांच्या मालकांकडे, धंद्यात पुढे गेलेल्या माणसांकडे हे लोक बघतात तसे तो माझ्याकडे बघत होता.

"मी डर्व्हलाला म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला, "आपल्याला कळत नाही, पण असेल काहीतरी. म्हटलं होतं मी तिला." आणि मग, जराशा अभिमानाने, "माझ्याकडून झालं ना बाई, तुम्हाला हवं तसं? तिन्ही वेळा?"